ऑगस्टअखेरचं डिस्ने वर्ल्ड, सासू-सासऱ्यांसकट

न्यू जर्सीतल्या देशी घरांत फ्लोरिडातल्या, ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डचा विषय वर्षातून दोनदा हमखास निघतो. एकदा नोव्हेंबरात शिक्षकांच्या अधिवेशनामुळे शाळांना गुरुवार-शुक्रवार सुट्टी मिळते तेव्हा, आणि एकदा नाताळात. नोव्हेंबरातल्या त्या आठवड्याला डिस्नेवेडी मंडळी चक्क 'जर्सी वीक' म्हणतात. आमची शेजारीण त्या आठवड्यात जाऊन आली. एडिसनच्या पटेल ब्रदर्समध्ये कोथिंबिरीच्या जुड्या उलटसुलट करताना जी तोंडं दिसतात, तीच तिला स्पेस माउंटनच्या रांगेत दिसली. नाताळचा प्रयोग आम्ही स्वतः २०१९ साली केला. त्याची रड पुढे येईलच.

२०२४मध्ये मात्र आम्ही गेलो ते २५ ते ३० ऑगस्ट. माणसं सहा : मी, नवरा, अकरा वर्षांचा मुलगा, पाच वर्षांची मुलगी, आणि तासगावहून आलेले सासू-सासरे. सासऱ्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. त्यांची द्राक्षबाग आहे, त्यामुळे त्यांचं वर्ष छाटण्यांवर चालतं. एप्रिलची खरड छाटणी उरकून ते इकडे आले आणि ऑक्टोबर छाटणीच्या आत त्यांना परत जायचं होतं. ७ सप्टेंबरचा गणपती नातवंडांबरोबर करायचा आणि निघायचं, असं ठरलेलं. म्हणजे आमच्या हातात ऑगस्टच उरत होता. नवरा म्हणाला, "ऑगस्टात फ्लोरिडाला कोण जातं?" म्हटलं, कोणी जात नाही, म्हणूनच जायचं.

यातली मेख अशी. फ्लोरिडातल्या शाळा १० ऑगस्टच्या आसपास सुरू होतात. दक्षिणेकडच्या बऱ्याच राज्यांतल्याही तोवर सुरू झालेल्या असतात. आपल्या जर्सीतल्या शाळा मात्र लेबर डे झाल्यावर उघडतात. त्या साली लेबर डे होता २ सप्टेंबरला. म्हणजे शेवटचे दोन आठवडे असे, की अर्ध्या देशाची पोरं वर्गात बसलेली आणि आपली मोकळी. गर्दी कमी, म्हणून खोल्यांचं भाडंही खाली. त्या उन्हाळ्यात चार दिवस-चार पार्क असं एक सवलतीचं तिकीटही होतं, दिवसाला ९९ डॉलरपासून, वर कर. डिस्नेची तिकिटं तारखेप्रमाणे बदलतात. २०२४-२५ साली एरवी एका दिवसाचं सगळ्यात स्वस्त तिकीट १०९-११९ डॉलरच्या घरात असायचं आणि नाताळात मॅजिक किंगडम या पार्कचं दोनशेच्या जवळ जायचं. सहा माणसांचा गुणाकार तुम्हीच करा.

याची किंमत मोजायची ती हवेत. पारा ३३-३४ वर, पण दमटपणा असा की अंगावरचा कपडा वाळतच नाही. आई (माझ्या सासूबाई) विमानतळाबाहेर आल्या आल्या म्हणाल्या, "मुंबईचा मे महिना हाय हा." शिवाय १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ. आम्ही निघायच्या तीन आठवडे आधी डेबी नावाचं वादळ फ्लोरिडाच्या वरच्या अंगाला आपटून गेलं होतं. मी रोज रात्री नकाशे बघत होते. डिस्नेच्या हॉटेलचं बुकिंग असेल तर एक सोय आहे : तुमच्या येण्याच्या आधीच्या सात दिवसांत ऑर्लँडोसाठी किंवा तुमच्या स्वतःच्या गावासाठी चक्रीवादळाचा अधिकृत इशारा निघाला, तर डिस्ने त्यांच्या बाजूचा रद्द करण्याचा किंवा तारीख बदलण्याचा दंड लावत नाही. विमानाचं तुमचं तुम्ही बघायचं. त्याच साली ऑक्टोबरात मिल्टन वादळ आलं आणि १० तारखेला सगळी पार्कं बंद राहिली. तेव्हा ही अट वाचून ठेवा.

आता राहण्याचं. २०१९च्या नाताळात आम्ही डिस्नेजवळच्या किसिमी गावात एक घर भाड्याने घेतलं होतं. नाव सांगत नाही. रात्रीचं भाडं बघून हुरळून गेलो. चार खोल्या, स्वयंपाकघर, मागे पोहण्याचा तलाव! बिल आलं तेव्हा त्यात सफाईचे वेगळे, तलाव गरम करायचे वेगळे, संकेतस्थळाचे वेगळे आणि त्या काउंटीतला १३.५ टक्के कर. तलाव शेवटपर्यंत गारच राहिला. घरमालकाला फोन केला तर म्हणे चोवीस तास लागतात. आम्ही होतो पाच दिवस. वर रोज सकाळी १९२ नंबरच्या रस्त्यावर सिग्नल मोजत बसायचं आणि पार्कच्या दारात गाडी लावायचे पैसे मोजायचे (२०२४ साली ते ३० डॉलर होते). रोजचे दीड-दोन तास त्यातच गेले. दुपारी मुलीला झोपवायला परत यायचं म्हटलं की अंगावर काटा यायचा. तेव्हा ती तान्ही होती.

म्हणून या खेपेला डिस्नेच्याच पॉप सेंच्युरी हॉटेलात दोन खोल्या घेतल्या. हे त्यांच्या स्वस्तातल्या हॉटेलांपैकी. भिंतीएवढं रुबिक क्यूब, जिन्यावर उभ्या केलेल्या अवाढव्य बोलिंगच्या बाटल्या, असा सगळा भडक थाट. मला डोळ्याला जरा त्रासच झाला, पोरं मात्र खूश. खोली लहान. दोन पलंगांपैकी एक भिंतीत उभा असतो, तो ओढून खाली घ्यायचा आणि तो खाली आला की टेबल गायब. अण्णांना ही युक्ती फार आवडली. दिवसातून तीनदा त्यांनी तो पलंग वरखाली केला. दोन खोल्या, पाच रात्री, १२.५ टक्के कर धरून दोन हजार डॉलरच्या आतबाहेर पडलं. वेगळी रिसॉर्ट फी नाही. गाडी असेल तर हॉटेलात लावायचे पैसे नाहीत. सहा जणांना एकत्रच राहायचं असेल तर ऑल-स्टार म्युझिक किंवा आर्ट ऑफ ॲनिमेशनमध्ये दोन न्हाणीघरांचे मोठे सूट आहेत. आर्ट ऑफ ॲनिमेशनचे मला परवडले नाहीत. ऑल-स्टारला आकाशपाळण्याची सोय नाही, फक्त बस.

आकाशपाळणा म्हणजे स्कायलायनर. पॉप सेंच्युरीच्या तळ्यावरून तारेवर लटकत डबे येतात आणि मध्ये एकदा डबा बदलला की एपकॉट किंवा हॉलीवूड स्टुडिओज या पार्कांच्या दाराशी नेऊन सोडतात. पैसे नाहीत. आई पहिल्यांदा डोळे मिटून बसल्या, परतीच्या वेळी खिडकीपाशी. हॉटेल निवडताना मी या एका गोष्टीला सगळ्यात जास्त गुण दिले होते आणि पुन्हा देईन.

दुसरा फायदा सकाळच्या अर्ध्या तासाचा. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना पार्क अर्धा तास आधी उघडतं. अर्धा तास ऐकायला किरकोळ वाटतो. पण एरवी जिथे तासभर उभं राहायचं तिथे त्या वेळात एक मोठी राइड होऊन जाते आणि दुसरीच्या रांगेत तुम्ही पुढे असता. त्यासाठी दारावर पाऊण तास आधी हजर पाहिजे. इथे सासू-सासरे बरोबर असण्याचा खरा लाभ. ती दोघं पहाटे साडेचारला उठून, आंघोळ करून, खुर्चीत तयार बसलेली असायची. खोलीत कॉफीचं यंत्र आहे, चहाचं नाही. त्यातून काढलेल्या गरम पाण्याला कॉफीचा वास येतो आणि त्या चहावर आईंचं काही समाधान होईना. खाली फूड कोर्टमधून साधं गरम पाणी आणायचं आणि त्यात चहाची पुडी ढवळायची, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

पहिला पूर्ण दिवस सोमवार, २६ ऑगस्ट, हॉलीवूड स्टुडिओज. त्या दिवशी गोकुळाष्टमी. बुकिंग करताना मी शाळांची कॅलेंडरं पाहिली, वादळांचे नकाशे पाहिले, पंचांग तेवढं पाहिलं नाही. आईंचा उपवास. बाहेरचं खाणं पार्कात नेता येतं (काचेच्या बरण्या नाहीत, आणि गरम करून मिळत नाही), म्हणून पिशवीत राजगिऱ्याचे लाडू, खजूर, केळी होतीच. मी म्हटलं, फ्रेंच फ्राइज चालतील की, बटाटाच आहे. आईंनी विचारलं, "तेल कुठलं? आणि मीठ साधं की सैंधव?" विषय संपला. आमच्यासाठी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि सांगलीचं भडंग. रांगेत भडंगाची पुडी उघडली की मागचे-पुढचे सगळे वळून बघायचे, लसणाचा वासच तसा. प्यायच्या पाण्याला पैसे घालवू नका. खाण्याच्या कुठल्याही काउंटरवर मागितलं की बर्फाच्या पाण्याचा पेला फुकट देतात.

खरी गोष्ट सुरू झाली ती दुपारी. मोबाइलवर हवामानाचं ॲप रोज तेच सांगतं : दुपारी गडगडाटासह पाऊस, शक्यता साठ टक्के. सोमवारीही साठ, मंगळवारीही साठ. त्यावरून काय ठरवणार, कपाळ? अण्णा खेळण्यांच्या त्या भागात, जिथे सावली औषधाला मिळते, टोपी मागे सारून वर बघत उभे होते. म्हणाले, "त्या ढगाचं टाळकं पसराय लागलंय बघ. अर्ध्या तासात येतंय." ॲप तेव्हा शांत होतं. पंचवीस मिनिटांनी पहिला गडगडाट झाला.

इथे एक समजून घ्या. आपल्याला पावसाची भीती नसते. कृष्णेचा पूर बघितलेल्या माणसांना अर्ध्या-पाऊण तासाची सर ती काय! पण फ्लोरिडात पाऊस राइड बंद पाडत नाही, वीज पाडते. एका बाजूने अटलांटिकचा वारा, दुसऱ्या बाजूने आखाताचा वारा, दोन्ही दुपारी जमिनीवर चढून मध्ये भिडतात आणि ढग उभे राहतात. आसपास वीज दिसली की उघड्यावरच्या राइड थांबतात, हॉटेलचे पोहण्याचे तलाव रिकामे करतात आणि आमचा लाडका आकाशपाळणासुद्धा थांबतो. थेंबही पडलेला नसतो आणि स्लिंकी डॉगच्या रांगेतून सगळ्यांना बाहेर काढत असतात. पोरं रडकुंडीला येतात. म्हणून दुपारी एक ते चारसाठी छपराखालच्या गोष्टी राखून ठेवायच्या. त्या दिवशी आम्ही गडगडायच्या आधीच मपेट्सच्या गार थिएटरात जाऊन बसलो (ते २०२५च्या जूनमध्ये बंद झालं). बाहेर आलो तेव्हा रस्ते वाफाळत होते आणि निम्मी गर्दी पळालेली. संध्याकाळी स्लिंकी डॉग दोनदा झालं.

तेव्हापासून आमचा कार्यक्रम अण्णांकडे गेला. साडेबाराच्या सुमारास ते वर बघायचे आणि "अजून एक उघड्यावरचं हुतंय" किंवा "आता आत चला" एवढंच सांगायचे. चार दिवसांत एकदाच चुकले. द्राक्षवाल्या माणसाचा निम्मा जन्म ढगाकडे बघण्यात जातो. पाऊस आला की वेलीवर डावणी रोग, की फवारणी, की कर्ज. ॲपपेक्षा त्यांना जास्त कळणारच.

मंगळवारी मॅजिक किंगडम. यातही एक कावा होता. ऑगस्टपासूनच काही रात्री हॅलोविनची वेगळ्या तिकिटाची पार्टी असते. त्या दिवशी साध्या तिकिटवाल्यांना संध्याकाळी सहाला बाहेर काढतात. लोक म्हणतात, एवढे पैसे भरून सहाला का निघायचं, आणि दुसरा दिवस निवडतात. म्हणून पार्टीच्या दिवशी सकाळ-दुपार मोकळी असते. आम्ही मुद्दाम तोच दिवस घेतला. सेव्हन ड्वॉर्फ्सला चाळीस मिनिटं लागली, हाँटेड मॅन्शनला पंधरा. २०१९च्या नाताळात याच हाँटेड मॅन्शनला आम्ही ऐंशी मिनिटं उभे होतो. किल्ल्यावरचे फटाके मात्र त्या दिवशी आपल्या वाट्याला नाहीत. पहिल्यांदाच जात असाल आणि मुलीला किल्ल्यामागचे फटाके बघायचेच असतील, तर हा कावा करू नका.

धाकटी तेव्हा ४२ इंच होती. स्पेस माउंटनला ४४ लागतात. घरी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने खूण करून तिला आधीच सांगून ठेवलं होतं, तरी मोजपट्टीपाशी ओठ बाहेर आलाच. अशा वेळी रायडर स्विच मागायचं : एक पालक मोठ्याला घेऊन जातो, दुसरा धाकटीपाशी थांबतो, मग दुसऱ्याला पुन्हा रांग न लावता जाता येतं, बरोबर मोठाही पुन्हा जातो. आमचा मुलगा दोनदा गेला आणि दिवसभर तेच सांगत बसला.

लायटनिंग लेन, म्हणजे पैसे भरून रांग चुकवायची सोय, आम्ही फक्त हॉलीवूड स्टुडिओजला घेतली, तीही चौघांसाठीच. दर दिवसागणिक बदलतो. आम्हाला माणशी पंचवीसेक डॉलर पडले. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना ती सात दिवस आधी घेता येते, बाकीच्यांना तीन दिवस. ऑगस्टअखेरीला बाकी पार्कांत तिची गरज पडली नाही. नाताळात घ्यावीच लागेल आणि तेव्हा ती महागही असेल.

बुधवारी एपकॉट. खरं सांगायचं तर मी एपकॉटला अर्धाच दिवस धरला होता, पोरं कंटाळतील म्हणून. तिथे द लँड नावाच्या इमारतीत एक संथ बोटीची राइड आहे, चौदा-एक मिनिटांची. आई-अण्णांना जरा बसता येईल आणि एसी आहे, एवढाच माझा हिशेब. बोट अंधारातून बाहेर येऊन काचेच्या हरितगृहात शिरली आणि अण्णा ताठ झाले. वांगी, काकड्या, टोमॅटो दोरीला टांगून छतापर्यंत चढवलेले. काही झाडांची मुळं उघडी, हवेत लोंबकळणारी आणि त्यांच्यावर फवारा. साच्यात घालून मिकीच्या तोंडाचे भोपळे वाढवलेले. "अगं, माती कुठाय?" अण्णा मला विचारतात. माती नाहीच, अण्णा. "आणि ह्यो टोमॅटो झाड हाय का मांडव?" तो खरंच मांडवासारखाच पसरलेला, एका खोडावर. ठिबकची नळी कुठून आली हे बघायला ते बोटीतून इतके वाकले, की आईंनी सदरा धरून ठेवला.

बाहेर आलो तर म्हणाले, पुन्हा जाऊ. बाहेर वीज कडकडत होती म्हणून रांगेत जरा माणसं वाढली होती, तरी वीस मिनिटांत आत. तिसऱ्यांदा ते एकटे गेले. आम्ही पोरांना घेऊन खाली खात बसलो. येऊन त्यांनी तासगावला फोन लावला, तिकडे रात्रीचे बारा वाजून गेलेले. पुतण्याला उठवून वांग्याच्या ओळीतलं अंतर सांगितलं. त्या रात्री तळ्यावरचे फटाके बघताना आई हात जोडून उभ्या होत्या आणि अण्णा मुलाला समजावत होते की पाण्यात वाढलेल्या मुळाला बुरशी का लागत नाही. चूक की बरोबर, मला माहीत नाही.

गुरुवारचं ॲनिमल किंगडम थोडक्यात : सफारी सकाळी पहिल्यांदा करा, दुपारी प्राणी सावलीत झोपतात. आणि प्राणी बघायला तिकीटच हवं असं नाही. ॲनिमल किंगडम लॉजमध्ये साना नावाचं रेस्टॉरंट आहे. आफ्रिकी स्वयंपाक, पण भारतीय वळणाचा. आम्ही आलो त्या रविवारी संध्याकाळी तिथेच जेवलो. नान-कुलच्यांची टोपली आणि सोबत नऊ वाट्या चटण्या, लोणची. खिडकीबाहेर जिराफ आणि झेब्रे चरत होते. आईंनी नऊच्या नऊ वाट्या चाखून कोथिंबिरीची चटणी पास केली. किंमत मी त्यांना अजून सांगितलेली नाही. टेबल मात्र आधी राखून ठेवावं लागतं.

चालण्याची तयारी ठेवा. नवऱ्याच्या घड्याळात रोज अठरा-वीस हजार पावलं दिसत होती. आईंच्या गुडघ्यासाठी दोन दिवस पार्कच्या दारातून व्हीलचेअर घेतली. पहिले दहा मिनिटं त्या संकोचल्या, मग त्यांनी तिच्यावर पिशव्या ठेवायला सुरुवात केली. उरलेले दोन दिवस का घेतली नाही, हे मला आजही कळत नाही.

रेनकोट घरून न्या. डॉलर स्टोअरमधले पातळ पोंचो सहा नेले होते, त्यातला एक विमानतळावर राहिला. मग पार्कातून एक घ्यावा लागला. पाठीवर मोठ्ठा मिकी असलेला, पारदर्शक. तो अण्णांच्या वाट्याला आला. ऑक्टोबरात व्हिडिओ कॉल केला तेव्हा तिकडे परतीचा पाऊस होता आणि छाटणीचे मजूर बांधावर बसलेले. अण्णा बागेच्या ओळीतून पाठमोरे चालले होते, मिकीसकट.